ढबूची रोपं उन्हात काढताना: पलूसच्या रोपवाटिकेतल्या नोंदी

शेडनेटमधून बाहेर काढलेल्या रोपांची पानं पांढरी का पडतात, हे विचारणारे फोन मला दर उन्हाळ्यात येतात. मी ठरलेलं उत्तर देत आलो: ऊन लागलं, पाणी द्या. यंदा माझेच ट्रे गेले आणि ते उत्तर किती अपुरं होतं ते कळलं. त्या महिन्याभरात वहीत जे लिहिलं ते इथे उतरवतोय. हिशोब तेवढा नीट मांडलाय.

१७ एप्रिल

ढबू मिरचीचे ४० ट्रे, ९८ कप्प्यांचे, म्हणजे ३,९२० रोपं. पेरणी १२ मार्चची, आज ३६ दिवस झाले. गिऱ्हाईक २२ तारखेला नेणार. आत टोमॅटोला जागा हवी होती, म्हणून सकाळी साडेदहाला सगळे ट्रे एकदम बाहेर बाकांवर मांडले. वर आडोसा काही नाही. कोकोपीट सकाळीच भिजवलं होतं, दुपारी पुन्हा झारीने पाणी दिलं. एकाही रोपाने मान टाकली नाही, त्यामुळे संध्याकाळी मी निर्धास्त होतो. पाणी भरपूर असलं की रोप सुकत नाही, पण म्हणून त्याला ऊन सोसतंय असं नसतं. हे मला दोन दिवसांनी कळलं.

१८ एप्रिल

पानं जरा फिकट वाटली. खत कमी पडलं असेल म्हणून १९:१९:१९ची आळवणी केली. गरज नव्हती. ट्रे आत न्यायला हवे होते, ते केलं नाही. आणखी एक अख्खा दिवस रोपं उन्हात राहिली.

१९ एप्रिल

सकाळी बाकांजवळ गेलो आणि पोटात गोळा आला. पानांवर पांढरे, कागदासारखे चट्टे. बोटाने चोळलं तर तेवढा भाग कोरडा, कुरकुरीत. रोगाचा डाग असतो तशी कडेला पिवळी कडा नाही, बुरशी नाही, खालून किडीचा माग नाही.

एक रोप उचलून डोळ्याजवळ धरलं. मोठ्या पानावर चट्टा होता, पण चट्ट्याच्या मधोमध हिरवा ठसा, टोकदार, पानाच्याच आकाराचा. शेजारच्या रोपाचं पान त्यावर झुकलेलं होतं. ते जिथे टेकलं होतं तेवढीच जागा हिरवी राहिली होती. मनगटावर घड्याळाचा पट्टा उमटतो, तसं. मग प्रत्येक ट्रेमध्ये असे ठसे दिसायला लागले.

खरं तर उत्तर तिथेच होतं. पण माझं लक्ष बांधापलीकडच्या मक्याकडे गेलं. शेजारच्या आण्णांनी वैरणीच्या मक्यावर तणनाशक मारलं होतं आणि बांधावरचं शिप्पी गवत पांढरंफटक पडलं होतं. मी तडक गेलो.

“आण्णा, मक्यावर कवा मारलासा?”

“आठ-धा दिस झालं. सकाळच्या पारी, वारं नव्हतं तवा. का रं?”

मी तेव्हा जरा तोंड वाजवलं. आण्णा काही बोलले नाहीत, पंपाची टोपी नोझलसकट हातात दिली आणि म्हणाले, बघ. नोझल नीट होतं.

२० एप्रिल

पुतणी सुट्टीला आलीय. सांगलीला बीएस्सीला आहे, वनस्पतिशास्त्र. तिने आधी दोन्ही पानं शेजारी ठेवायला लावली: बांधावरचं गवत आणि माझी ढबू. फरक एका मिनिटात दिसला. गवताचा शेंडा पांढरा, म्हणजे फवारणीनंतर आलेली नवी पानं पांढरी, आणि जुनी खालची पानं बरीच हिरवी. माझ्या रोपात बरोबर उलटं. शेंड्याची कोवळी दोन पानं हिरवीगार आणि पांढरी पडली ती मधली, मोठी, आडवी पसरलेली.

ज्यांना हा प्रश्न पडतो त्यांनी सगळ्यात आधी हेच बघा. नवं पान पांढरं येत असेल तर तणनाशकाचा संशय घ्या. नवं हिरवं आणि उन्हाकडे तोंड असलेलं जुनं पांढरं, तर ते ऊन.

संध्याकाळी आण्णांकडे जाऊन चुकलो म्हणून सांगितलं. चहा घेतला.

२१ एप्रिल

मोजणी आणि हिशोब. ३,९२० पैकी १,६४० रोपांवर चट्टे. त्यातली ६१० टाकून द्यावी लागली. ३ रुपये दराने १,८३० रुपये. उरलेली १,०३० गिऱ्हाइकाला खरं सांगून निम्म्या दरात दिली, तिथे १,५४५ गेले. एकूण ३,३७५. खताची आळवणी धरलेली नाही.

दुपारी बाराला फोनवरच्या मीटरने उजेड मोजला. माझा फोन एका आकड्यावर अडकून बसला, पुतणीचा चालला. बाहेर सुमारे १,०५,००० लक्स. शेडनेटमध्ये फक्त २७,०००. जाळीवर ५० टक्के लिहिलंय, म्हणजे ५२,००० तरी यायला हवा होता. जाळी पाच वर्षांची, वर रस्त्याची धूळ बसलेली. मी समजत होतो रोपं अर्ध्या उन्हात वाढताहेत. ती पाव उन्हात वाढली आणि एका सकाळी चौपट उजेडात जाऊन बसली.

फवारणीच्या पंपाने जाळी धुतली, अर्धा दिवस गेला. नंतर ४४,०००. हे काम मी दर वर्षी मार्चमध्ये करायला हवं होतं.

२२ ते २४ एप्रिल

पुतणीचं म्हणणं, काका, पानात हिरव्याच्या आड पिवळे रंग असतात आणि उन्हापासून सांभाळ तेच करतात. मी म्हटलं, दाखव. त्यात तीन दिवस गेले.

पहिला दिवस: नेलपॉलिश काढायचं पाणी आणलं, ६० रुपये. त्यात पाणी आणि तेल मिसळलेलं असतं. कागदावर नुसता हिरवा ओघळ.

दुसरा दिवस: सांगलीहून अ‍ॅसिटोन आणि पेट्रोलियम इथर आणलं. गाळण कागदाच्या पट्ट्या पुतणीकडे होत्या. पान वाटलं, थेंब टाकला, पट्टी बाटलीत सोडली. रंग सुटले, पण मध्ये एक राखाडी पट्टा, मळकट. पानातल्या आंबटपणामुळे क्लोरोफिलमधला मॅग्नेशियम निघून जातो आणि हिरवं करडं होतं. उपाय म्हणून वाटताना फळ्याचा खडू कुटून घातला. फरक शून्य.

तिसरा दिवस: खडूवर लिंबू पिळलं. फेस आलाच नाही. फळ्याचा खडू बहुतेक जिप्समचा असतो, चुनखडीचा नाही, त्यामुळे तो आंबटपणा मारत नाही. मग चिमूटभर खाण्याचा सोडा घातला आणि करडा पट्टा गेला. पुतणीने सांगितलं की मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने पानातले रंग असेच वेगळे केले आणि १९०६ मध्ये या रीतीला क्रोमॅटोग्राफी नाव दिलं. त्याने नळीत भरली होती ती खरी चुनखडीची भुकटी.

हे करताना घरात गॅस पेटलेला नको. आम्ही ओसरीवर केलं. इथर लगेच पेट घेतं.

२५ एप्रिल

आज पट्टी स्वच्छ आली. इथर ९ भाग, अ‍ॅसिटोन १ भाग. थेंब बारीक, एकाच जागी बारा वेळा, प्रत्येक वेळी वाळवून. सगळ्यात वर, कागदाच्या टोकाशी, नारिंगी-पिवळी रेघ: कॅरोटीन. त्याखाली पिवळा पट्टा: झँथोफिल. मग निळसर हिरवा क्लोरोफिल अ, शेवटी पोपटी क्लोरोफिल ब. वीस वर्षं रोपं विकतोय, पण ढबूच्या हिरव्या पानात एवढं पिवळं असतं हे पहिल्यांदा पाहिलं. घरच्यांनी विचारलं, हळदीत असतं तेच का? नाही. हळदीच्या कंदाचा पिवळा रंग म्हणजे कुरकुमिन, ते वेगळं. पण हळदीच्या पानात हेच असतात. माघात पाला पिवळा पडतो तेव्हा हिरवं आधी मोडतं आणि हे मागे उरतात.

काम कसं चालतं ते मला समजलं तेवढं लिहितो. पान सगळा उजेड वापरू शकत नाही. मिरचीसारख्या झाडाचं पान भर उन्हाच्या निम्म्यापर्यंत पोचायच्या आधीच पोट भरून बसतं, सावलीत वाढलेलं तर त्याहून लवकर. पण क्लोरोफिल उजेड घेतच राहतं. ही उरलेली ऊर्जा जागेवर राहिली तर ऑक्सिजनला फार तापट रूपात आणते आणि तो पानाचं आतलं पटल जाळतो. कॅरोटिनॉइड, म्हणजे पट्टीवर दिसलेले हेच पिवळे-नारिंगी रंग, दोन ठिकाणी आडवे येतात. एक, बिघडलेल्या क्लोरोफिलची आणि तापट ऑक्सिजनची ऊर्जा स्वतःवर घेऊन ती उष्णता म्हणून सोडून देतात. दोन, त्याच्याही आधी, ऊन चढलं की पानाच्या आतल्या पिशव्यांमध्ये आंबटपणा वाढतो, त्याने एक एन्झाइम जागं होतं आणि व्हायोलाझँथिनचं झियाझँथिन करतं. ही दोन्ही झँथोफिलच. त्याला क जीवनसत्त्व लागतं. झियाझँथिन वाढलं की जास्तीचा उजेड रसायनात न जाता उष्णता होऊन निघून जातो. ऊन उतरलं की झियाझँथिनचं पुन्हा व्हायोलाझँथिन. पुढे जायला काही मिनिटं पुरतात, मागे यायला जास्त वेळ लागतो. ही फेरी १९५७ साली सापोझ्निकोव्ह यांनी पहिल्यांदा दाखवली आणि १९६२ मध्ये यामामोटो यांनी तिचे टप्पे लावले.

माझ्या कामाची गोष्ट पुढची. फेरी मिनिटांत फिरते, पण फेरीत फिरणारा साठा वाढायला दिवस लागतात. पाव उन्हात वाढलेल्या पानाला मोठा साठा करायची गरजच पडलेली नसते. १७ तारखेला मी नेमकं त्या पानांना उन्हात ठेवलं.

२७ एप्रिल

आण्णा स्वतःहून पट्ट्या बघायला आले. त्यांच्या बांधावरचं पांढरं गवत घेऊन तसाच थेंब काढला. पट्टी कोरी. पिवळं नाही, हिरवंही नाही.

आण्णांनी मारलेलं होतं टेम्बोट्रायोन. ते क्लोरोफिलला हात लावत नाही. कॅरोटिनॉइड बनायला जो एक मदतनीस घटक लागतो, प्लास्टोक्विनोन, तो ते बनू देत नाही. त्यामुळे साखळी फायटोईन या रंगहीन टप्प्यावर अडकते. पिवळं संरक्षण नसलेल्या नव्या पानात क्लोरोफिल उन्हानेच मोडून जातं. कॅरोटिनॉइड अडवलेली झाडं अगदी अंधूक उजेडात ठेवली तर बरीच हिरवी राहतात, उजेड वाढवला की पांढरी होतात. मका ते औषध पोटात लवकर मोडतो म्हणून वाचतो.

“मंजी मारतंय ऊनच,” आण्णा म्हणाले. मग बराच वेळ ती कोरी पट्टी उन्हाकडे धरून बघत बसले. झियाझँथिन हे नावसुद्धा मक्यावरूनच पडलंय, झिया मेज, हे पुतणीने सांगितल्यावर त्यांना फार आवडलं.

माझ्या रोपांचं आणि त्यांच्या गवताचं पांढरेपण वेगळं, हे २० तारखेला कळलं होतं. मुळाशी दोन्हीकडे पिवळं कमी पडलं, हे आज कळलं.

२८ एप्रिल ते १ मे

दुसऱ्या लॉटची रोपं तयार होत आली होती. त्यातले सहा ट्रे चाचणीला घेतले.

दोन ट्रे थेट बाहेर. तिसऱ्या दिवशी चट्टे, पहिल्यासारखेच. दोन ट्रे चार दिवसांत वाढत्या उन्हाने, आणि आमच्याकडे सगळे करतात तसं पाणी तोडून, रोप कडक व्हावं म्हणून. एक ट्रे तसाच वाढत्या उन्हाने, पण पाणी नेहमीसारखं. सहावा ट्रे पत्र्याच्या खोलीत दाराच्या आत: अंधूक, पण दुपारी ४३ अंश. हा उष्णतेने पांढरं पडतं का ते बघायला.

पत्र्याच्या खोलीतला ट्रे मलूल झाला, रोपं लांबली, पांढरं एकही नाही. म्हणजे नुसत्या गरमीने हे होत नाही.

पाणी तोडलेल्या दोन ट्रेंत १९६ पैकी ६१ रोपांवर चट्टे. पाणी दिलेल्या ट्रेमध्ये ९८ पैकी १४. याने माझी इतक्या वर्षांची सवय मोडली. पाणी तुटलं की पान आपली छिद्रं मिटतं, आत हवेतला कार्बन डायऑक्साइड कमी येतो, साखर बनायचं काम मंदावतं आणि तोच उजेड आणखी जास्तीचा ठरतो. ऊन वाढवायचे दिवस आणि पाणी तोडायचे दिवस एकत्र आणू नका. आधी ऊन, ते सोसलं की मग शेवटचे दोन दिवस पाणी थोडं ओढा. चार दिवसही कमीच पडले, १४ रोपं तिथे गेली.

२ ते ४ मे

बाकांवर सरकता आडोसा करायला घेतला. नवी जाळी महाग, म्हणून आटपाडीकडे डाळिंबावर टाकतात तशा जुन्या साड्या आणल्या. २५ रुपयाला एक, १६ साड्या, ४०० रुपये. तार, पडद्याच्या कड्या आणि नायलॉन दोरी मिळून १,१५०.

साड्या बघून घ्या. गडद जांभळ्या साडीखाली १४,००० लक्स आले, ती शेडनेटपेक्षा काळोखी. फिकट वॉयलखाली ५८,०००. गडद सात साड्या बाजूला काढाव्या लागल्या. उजेड मोजूनच निवडा, डोळ्यांचा अंदाज सपशेल चुकतो.

४ तारखेला संध्याकाळी वळीव आला. दोरी फक्त दोन टोकांना बांधली होती, साड्या शिडासारख्या फुगल्या आणि तीन फाटल्या, एक बाक आडवा झाला, दीड ट्रे मातीत. आता दर सहा फुटांवर गाठ आणि संध्याकाळी साड्या गुंडाळून ठेवायच्या.

५ ते १३ मे

उरलेले २० ट्रे, १,९६० रोपं, नऊ दिवस. पहिले दोन दिवस सकाळी नऊपर्यंत ऊन, मग जाळीत. तिसरा-चौथा, साडेदहापर्यंत आणि पुन्हा साडेचारनंतर. पाचवा-सहावा, दिवसभर बाहेर, पण अकरा ते चार वॉयल. सातवा-आठवा, वॉयल फक्त बारा ते तीन. नववा उघडा. सातव्या दिवशी ढग आले तेव्हा वेळ पुढे सरकवली नाही, तोच टप्पा दुसऱ्या दिवशी पुन्हा केला. म्हणून खरं तर दहा दिवस झाले, १४ला संपलं.

चट्टे आलेली रोपं २३. बहुतेक पश्चिमेकडच्या कडेच्या ट्रेंमधली. तिथे तीननंतरचं तिरपं ऊन साडीखालून घुसत होतं. पुढच्या वेळी त्या बाजूने साडी खालपर्यंत सोडायची.

१५ मे

सरावलेली पानं आणि जाळीतली पानं, दोन्हींच्या पट्ट्या काढल्या. पहिल्यांदा सरावलेल्यात पिवळं इतकं गडद आलं की मी खूश झालो. पुतणीने विचारलं, पान किती घेतलंस? मापच नव्हतं. मग कागदाला भोक पाडायच्या पंचने दोन्हींच्या वीस-वीस चकत्या, अ‍ॅसिटोन सारखं, थेंब बारा-बारा, आणि कुठली पट्टी कुठली ते तिने माझ्यापासून लपवलं. फरक कमी झाला, पण उरला: हिरव्याच्या मानाने पिवळा पट्टा सरावलेल्यात ठळक. तीन जोड्यांपैकी तिन्ही मी बरोबर ओळखल्या.

पहाटेचं पान आणि दुपारचं पान यात झियाझँथिनची वाढ दिसते का, यावर आणखी एक दिवस घालवला. काही दिसलं नाही. कागदावर झियाझँथिन ल्युटीन या दुसऱ्या झँथोफिलच्या पट्ट्यातच मिसळून जातं, त्याला मोठ्या प्रयोगशाळेतलं यंत्र लागतं. हा दिवस तुम्ही घालवू नका.

१७ मे

१,९३७ रोपं गेली, पूर्ण दराने. गिऱ्हाइकाला सकाळी अकराला लावायची होती, मी दुपारी चारनंतर लावायला सांगितलं. मुळं हलली की रोपाला पाणी ओढता येत नाही आणि पाणी तोडलेल्या ट्रेमध्ये काय झालं ते मी पाहिलंय.

२१ मे

गिऱ्हाइकाच्या रानात जाऊन आलो. मल्चिंगवर, म्हणजे वाफ्यावर अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदावर लावलेल्या पहिल्या दहा ओळी बघितल्या, दुपारी दीडला, वर ढग नाही. शेंडा हिरवा, मधली पानं हिरवी. चांदीसारख्या मल्चिंगवरून उजेड खालून उसळतो. त्यामुळे तीन रोपांची खालची पानं मागच्या बाजूने फिकट झाली होती. हे माझ्या डोक्यात नव्हतं. पुढच्या लॉटचे दोन ट्रे आज मल्चिंगचा कागद अंथरून त्यावर ठेवलेत, सकाळी नऊपर्यंतच.